पाटावर शेजारी कोण बसणार?

माझी सगळी नोकरी कापडातल्या चुका शोधण्यात गेली. सुरतेतल्या लिंबायतहून सायकलवर जाण्याइतक्या अंतरावर एक मिल होती, साड्यांचं कापड रंगवणारी. तिथं मी तपासणीच्या टेबलावर होतो. काचेचं टेबल, खाली दिवा, वरून कापडाचा ताका ओढायचा आणि तुटलेला धागा, तेलाचा डाग, पातळ पट्टा दिसला की खडूनं खूण करायची. निवृत्त झालो तरी डोळ्यांची खोड काही गेली नाही. लग्नात जेवायला बसलो तरी मला आधी पत्रावळीची फाटकी कड दिसते. बायको म्हणते, तुम्हाला देव भेटला तरी तुम्ही त्याच्या उपरण्याचा काठ बघाल.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याचा दोष मला निवडणुकीवर, मोबाइलवर किंवा बदललेल्या काळावर टाकायचा नाही. ते मी केलं. शुद्धीत, चष्मा लावून, चहा पीत केलं.

आमचं समाजाचं मंडळ आहे. खानदेशातून सुरतेला लूमवर, मिलमध्ये, रिक्षावर पोट भरायला आलेल्या आमच्या लोकांचं. मंडळाचं मोठं काम म्हणजे दरवर्षीचे सामुदायिक विवाह. त्यामुळं अध्यक्षपदाला आमच्यात फार मान. मागच्या वेळी अध्यक्ष निवडताना खुर्च्या फेकल्या गेल्या आणि एकाच्या कपाळाला टाके पडले. मग सेक्रेटरींनी तोडगा काढला. ते हिरे बाहेर पाठवणाऱ्या एका ऑफिसात आहेत, आणि तो धंदा अमेरिकेवर चालतो म्हणून त्यांना तिकडची खडान्खडा माहिती. ते म्हणाले, तिकडं राष्ट्राध्यक्ष निवडताना आधी पक्षातल्या पक्षात उमेदवारांची चाळणी होते, आपणही तसंच करू. प्रत्येक तालुक्याचा गट आधी आपापला एक उमेदवार निवडेल आणि मग त्यांच्यात अध्यक्षपदाची लढत होईल. सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवसापासून लिंबायतच्या चहाच्या टपरीवर ‘प्रायमरी’ हा शब्द असा चालायला लागला, की जणू तो आमच्या आजोबांनी गावाहून येताना गाठोड्यात बांधून आणला होता.

मला तो शब्द आधीच माहीत होता. निवृत्तीनंतर मला तिकडच्या निवडणुकीचा नादच लागला होता. हिंदी चॅनेलवर तिकडचे उमेदवार बघायचो आणि आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर त्यांच्यावर टिपणं लिहायचो. मी जुन्या वळणाचा माणूस. कोणता उमेदवार देवाला मानतो, कोणाची पोरं आईबापाच्या शब्दात आहेत, कोण नुसता हवेत बोलतो, हे मी टिपून टिपून लिहायचो. भाषण संपलं की तिकडचा उमेदवार बायकोचा हात धरून वर करतो, पोरंबाळं मागं उभी राहतात. ते मला फार आवडायचं. मी लिहायचो, बघा, इतका पुढारलेला देश, पण माणूस घर सांभाळतो की नाही हे आधी बघतो. वाचणाऱ्यांपैकी कोणाचं तिथं मत नव्हतं, कोणाचं काही जाणार नव्हतं. लोक अंगठे दाखवायचे, हात जोडायचे. आमच्या गटातले एक लूममालक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, ‘मास्तर, मग कोण येतंय तिकडं?’ मी कधी मास्तर नव्हतो. पण त्यांना दुरुस्त करायचंही मला कधी सुचलं नाही.

तेव्हा आमच्याच गटाची प्रायमरी लागल्यावर लेखणी सरसावली गेली, यात नवल नव्हतं.

पण त्याआधी माझ्या घरातली गोष्ट सांगायला हवी. ती मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती.

माझी एकुलती मुलगी त्या वेळी आठ महिने माझ्या घरी होती. तिला सुरतेतच, कतारगामात दिलेलं. सासर आमच्याच समाजातलं, तालुका वेगळा. जावई हिऱ्यांना पैलू पाडायच्या घंटीवर बसणारा, हाताचा कसबी, आणि तोच हात घरी उठायचा. दोनदा ती आली आणि दोनदा मीच तिला रिक्षात घालून परत सोडून आलो. दुसऱ्या वेळी सासूला म्हणालो, ‘पोर तुमचीच आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.’ चूक तिची नव्हती हे मला माहीत होतं. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा रिक्षातून उतरताना तिच्या हातात एक बॅग होती आणि ती म्हणाली, ‘पप्पा, आता सोडायला येऊ नका.’ मी बॅग घेतली. एवढं एक केलं.

गल्लीत मात्र आम्ही सांगितलं, की ती कॉम्प्युटरचा कोर्स करायला आली आहे. कोर्स तीन महिन्यांचा होता. तो लांबत लांबत आठ महिन्यांचा झाला. माझा समज असा, की कोणाला काही कळलेलं नाही.

समाजाची एक यादी असते. घरटी एक पान, कुटुंबप्रमुखाचं नाव वर, खाली माणसं. मुलीचं लग्न झालं की बापाच्या पानावरून तिचं नाव निघतं आणि सासरच्या पानावर चढतं. आमच्या गटाची यादी माझ्याकडं होती, कारण माझं अक्षर चांगलं. नव्या नियमानं यादीतल्या प्रत्येक सज्ञान माणसाला मत होतं, बाईलासुद्धा. एका दुपारी मुलीनं नोंदीचा फॉर्म भरून माझ्यासमोर ठेवला. आपलं नाव, त्यापुढं माझं नाव, माझंच आडनाव.

‘सासरच्यांनी माझं नाव कापलंय, पप्पा,’ ती म्हणाली. ‘सध्या मी कुठंच नाही. आपल्या पानावर घ्या ना.’

मी म्हणालो, ‘बघू. मतदान होऊन जाऊ दे, घाई काय आहे?’

‘मला मत द्यायचंय म्हणूनच आत्ता म्हणते.’

मी फॉर्म घडी करून कपाटाच्या खणात टाकला. तो पानावर चढवायचा म्हणजे छापील यादीत साऱ्या समाजाला कळणार, की मास्तरांची मुलगी माहेरी बसली आहे. तिनं नंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी ‘हो हो’ म्हणालो आणि वर्तमानपत्र उघडलं.

आमच्या गटातून तिघं उभे होते.

पहिले ते लूममालक. पिकल्या केसांचे, शब्दाला जपणारे, कोणाच्या मयताला न बोलावता जाणारे. त्यांनी मंडळाला भांडीकुंडी दिली होती, हॉलला पंखे दिले होते. माझा कल त्यांच्याकडं होता. दुसरा एक तरुण जिमवाला. चार वाक्यांत तीन हिंदी, सभेला येताना मागं पाच पोरं, आणि डोक्यात असं की विवाहसोहळ्यात मोठा डीजे लावला म्हणजे समाज पुढं गेला. त्याच्यावर मी जे लिहिलं त्यातला एक शब्दही मला आजही मागं घ्यावासा वाटत नाही. जुनं धरून ठेवावं असं मला वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझी लाज वेगळ्या जागी आहे.

तिसरी उमेदवार एक ताई. पन्नाशीच्या. साड्यांना लेस लावण्याचं, खडे चिकटवण्याचं काम त्या गल्लोगल्ली बायकांना घरपोच वाटायच्या. लिंबायतपासून भेस्तानपर्यंत कोणत्या घरात चूल पेटली आणि कोणत्या घरात नाही, हे त्यांना ठाऊक असायचं. नवरा त्यांना टाकून गेलेला, कितीतरी वर्षांपूर्वी. दोन मुलगे त्यांनी एकटीनं वाढवले. आणि माझी मुलगी रोज त्यांच्याकडंच जात होती. साड्यांचे फोटो काढायचे, मोबाइलवर व्यापाऱ्यांना पाठवायचे, असं काम ताईंनी तिला दिलं होतं. म्हणजे ताईंना आमच्या घरातलं सगळं माहीत होतं. कोर्सची थाप त्यांच्यापुरती तरी चालणारी नव्हती.

ताईंचं पारडं जड व्हायला लागलं तसा मी अस्वस्थ झालो. आता बायकांनाही मत होतं आणि प्रत्येक घरात ताईंची साडी पडलेली. माझ्यातला जुना तपासनीस जागा झाला. दोष कुठं आहे ते शोधायचं. कामात दोष सापडेना, बोलण्यात सापडेना. मग मी घराकडं वळलो.

आमच्या सामुदायिक विवाहात एक रीत आहे. ज्या मुलीला आईबाप नाहीत तिचं कन्यादान मंडळाचे अध्यक्ष करतात, जोडीनं, नवराबायको पाटावर बसून. दरवर्षी अशी एखादी तरी मुलगी असतेच. अध्यक्षांच्या बायकोनं पाणी सोडलं की सगळा मांडव उठून उभा राहतो. मला ही रीत मनापासून मोठी वाटते. तिचाच मी काय उपयोग केला ते बघा.

मी तिघांवर लांबलचक टिपण लिहिलं. लूममालकांच्या शांतपणाची तारीफ केली. जिमवाल्याची खेचली. आणि ताईंबद्दल लिहिलं, की त्यांच्या कष्टाबद्दल आदर आहे, पण समाजाचं पद म्हणजे नुसतं काम नव्हे, ती बैठक आहे. आणि शेवटी एक ओळ टाकली: ‘ताई अध्यक्ष झाल्या, तर कन्यादानाच्या पाटावर शेजारी कोण बसणार?’

ओळ जमली हे लिहितानाच कळलं. असं जमलेलं कळतं तेव्हा अंगातून एक झुळूक जाते. मी चहा मागवला आणि टिपण पाठवून दिलं.

लूममालकांचं भेस्तानला दुसरं बिऱ्हाड आहे, हे आख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. तिथं त्यांना एक मुलगाही आहे. त्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. पाटावर शेजारी बसायला त्यांच्याकडं लग्नाची बायको होती, तेवढ्यावर माझी तपासणी थांबली. आयुष्यभर ज्यानं डाग लपवणाऱ्या पोरांना टेबलावरून उठवलं, त्यानं हा एवढा मोठा डाग अंगठ्याखाली झाकून ताका पास केला.

संध्याकाळपर्यंत ती ओळ सगळीकडं गेली. आमच्या गटातून दुसऱ्या गटात, तिथून पांडेसरा, उधना, कुठं कुठं. कोणीतरी रिकाम्या पाटाचं चित्र टाकलं. कोणी हसून हसून रडणारी तोंडं टाकली. रिक्षावाले एकमेकांना ओरडून विचारायला लागले, ‘काय रे, शेजारी कोण?’ मला फोनवर फोन येत होते. एकजण म्हणाला, ‘मास्तर, एका वाक्यात बाईंना आडवं केलं तुम्ही.’ मी म्हणालो, ‘छे, मी फक्त प्रश्न विचारला.’ आणि मनातून असा फुललो होतो, की आज तो चेहरा आठवला की आरशासमोरून बाजूला व्हावंसं वाटतं.

मुलगी कामावरून आली. चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि माझ्यासमोर न बसता आईजवळ जाऊन भाजी निवडायला बसली. मी मुद्दामच विचारलं, ‘काय म्हणतात तुमच्या ताई?’

तिनं मान वर केली नाही. ‘काही नाही. मला म्हणाल्या, आज लवकर घरी जा, तुला त्रास होईल.’

मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही त्यांच्यावर लिहिलं असं तुम्हाला वाटतं.’

एवढंच. आवाज चढवला नाही. मी उत्तर जुळवायला लागलो, की हा प्रश्न पदाचा आहे, व्यक्तीचा नाही, तू मनाला लावून घेऊ नको. तेवढ्यात बायकोनं सुरी खाली ठेवली. तिचं माझ्याशी बोलणं अहिराणीत, आणि रागावली की फक्त अहिराणीत.

‘आपली पोर घरमा बठेल शे,’ ती म्हणाली, ‘आनि तुम्ही हाई लिखी ऱ्हायनात? तुमले लाज वाटनी नही का?’

मी चिडलो. खरं सांगायचं तर चोरी पकडली गेली की माणूस चिडतो तसा चिडलो. म्हणालो, बायकांना राजकारणातलं काही कळत नाही. आणि मोबाइल घेऊन ओट्यावर जाऊन बसलो. तिथं बसून नवे आलेले अंगठे बघत राहिलो.

मतदानाच्या दोन दिवस आधी ताई मला दुधाच्या दुकानापाशी भेटल्या. मी पिशवी उचलून निघणार, तोच त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता चार लोकांत माझं काढणार. त्यांच्याजवळ काढायला भरपूर होतं. ‘मास्तर, तुमच्या मुलीच्या शेजारी कोण बसतं?’ एवढं एकच वाक्य त्यांनी व्हॉट्सॲपवर टाकलं असतं, तर मला तोंड लपवायला सुरत पुरली नसती. ते वाक्य त्यांना सुचलं नसेल असं नाही. ते कोणालाही सुचावं इतकं समोर पडलेलं होतं.

‘भाऊ, तुमचं वाचलं,’ त्या म्हणाल्या. ‘लोक विचारतात, उत्तर का देत नाही. तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हटलं, तर मला तुमच्या घरात शिरावं लागतं. ते मी करणार नाही. तुमची मुलगी माझ्याकडं येते.’

मी काहीतरी पुटपुटलो. बहुतेक ‘तसं नव्हतं’ असं. त्यांनी मान हलवली आणि दुधाची पिशवी घेऊन त्या निघून गेल्या. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं, की टिपण काढून टाकायचं आणि माफी मागायची. माफी लिहिलीही. तीन ओळींची. पाठवायच्या आधी वाचली तर मला ती पडेल वाटली. लोक म्हणतील, मास्तर घाबरला. मी ती पुसून टाकली. वस्तुस्थिती एवढीच आहे. ताईंनी हातात आलेलं वाक्य माझ्यासाठी गिळलं, आणि मला तीन ओळी पाठववल्या नाहीत.

मतदान रविवारी, एका शाळेत. प्रत्येक गटाला एक वर्ग. आमच्या वर्गात मी दाराशीच टेबलावर यादी घेऊन बसलो होतो. माझ्या एका बाजूला जिमवाल्याच्या वतीनं आलेला पोरगेला माणूस, दुसऱ्या बाजूला ताईंच्या वतीनं त्यांचा धाकटा मुलगा. माणूस आला, की नाव सांगणार, मी नाव शोधून खूण करणार, मग चिठ्ठी मिळणार. कोणाचं नाव चुकून राहिलं असेल, तर गटातल्या दोघांच्या सहीनं ते तिथल्या तिथं लिहून घ्यायचा अधिकार यादीवाल्याला, म्हणजे मलाच होता. त्या सकाळी मी तशी दोन नावं लिहूनही घेतली होती. एक कोणाची तरी नवी सून, एक गावाहून राहायला आलेले आजोबा. सुंदर अक्षरात लिहिली.

अकराच्या सुमारास रांगेत मुलगी दिसली. तिनं घरी काही सांगितलं नव्हतं. निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. तिच्या पुढं सहा माणसं होती. मग चार. मग दोन. मला वाटलं, ती मला भेटायला आली असेल, डबा द्यायला आली असेल. हातात डबा नव्हता.

ती टेबलासमोर येऊन उभी राहिली. जिमवाल्याच्या माणसानंच विचारलं, ‘नाव?’

तिनं नाव सांगितलं. आधी आपलं, मग माझं, मग माझं आडनाव. खणखणीत, शाळेत हजेरी देतात तसं.

मी पानं चाळायला लागलो. माझं पान कुठं आहे ते मला माहीत होतं आणि त्यावर काय आहे तेही. तरी मी चाळत राहिलो. आमचं पान आलं. माझं नाव, खाली बायकोचं. त्याखाली रिकामी जागा, बोटभर. मी त्या जागेवर बोट ठेवलं.

‘काका, ही तर तुमचीच छोकरी ना?’ तो माणूस म्हणाला. ‘राहून गेलं असेल. टाकी द्या ना, एमां शुं, त्यात काय?’

ताईंच्या मुलानं पेन माझ्याकडं सरकवलं. म्हणजे सही करायला दोन्ही बाजूंचे तयार होते. मी म्हणालो, ‘लग्न झालंय तिचं. नाव सासरच्या पानावर असेल.’

‘तिकडून जाऊन आले,’ ती म्हणाली. ‘बाजूच्याच वर्गात आहेत ते. त्यांनी माझं नाव कापलंय. मी आठ महिने त्यांच्याकडं नाही, असं त्यांनी सांगितलं.’

हे तिनं सगळ्या रांगेसमोर सांगितलं. रांगेत आमच्या गल्लीतल्या बायका होत्या. कोणीही दचकलं नाही. तेव्हा मला कळलं, की कोर्सच्या थापेवर कोणाचा कधी विश्वासच बसला नव्हता. साऱ्या गल्लीला माहीत होतं आणि साऱ्या गल्लीनं माझ्या तोंडावर ते कधी येऊ दिलं नव्हतं. म्हणजे आता लपवायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. लिहून टाकायला पाच सेकंद लागली असती.

मी म्हणालो, ‘यादीत नाव नाही.’

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. नियमासाठी नाही, तो नियम मीच सकाळी दोनदा वापरला होता. ताईंना एक मत जाईल म्हणूनही नाही. मला वाटतं, लिहिलं असतं तर मी आजवर खोटा होतो हे माझ्याच अक्षरात उमटलं असतं, आणि तेवढ्या लोकांसमोर खोटं ठरण्यापेक्षा मला पोरीला परत पाठवणं सोपं गेलं. तशी मला सवयही होती. दोनदा रिक्षातून पाठवली होती.

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. ‘बरं,’ म्हणाली आणि बाजूला झाली. तिच्या मागच्या बाईनं आपलं नाव सांगितलं आणि मी ते शोधायला लागलो. दोनदा ओळ चुकली.

लूममालक चांगल्या फरकानं निवडून आले. त्यांनी माझ्या गळ्यातही एक हार घातला. कोणीतरी म्हणालं, ‘मास्तरांच्या एका ओळीनं काम केलं.’ पेढे आले. मी पेढा तोंडात घातला. तोंडात तसाच धरून मी सगळ्यांकडं बघून मान डोलवत राहिलो.

घरी पोचलो तेव्हा मुलीची बॅग दाराशी होती. भेस्तानला ताईंच्या ओळखीनं तिनं एक खोली बघून ठेवली होती, कधीपासून ते मला माहीत नाही. बायकोनं तिच्यासाठी डब्यात पीठ, तिखट, चार भांडी बांधून दिली. मी म्हणालो, ‘अगं, मी नाव टाकणारच होतो.’ बायकोनं डब्याची गाठ आवळली. रिक्षा आली. मी बॅग उचलायला पुढं झालो, तर ती म्हणाली, ‘राहू द्या पप्पा, जड नाही.’

त्या संध्याकाळी मी खणातला फॉर्म काढला आणि यादीतल्या आमच्या पानावर, त्या बोटभर जागेत, तिचं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं. कोणी बघायला नव्हतं. मंडळाच्या अंतिम लढतीच्या वेळी मला पुन्हा टिपणं लिहायचा आग्रह झाला. मी तब्येतीचं कारण सांगितलं. तेवढंही खरं सांगायचं धैर्य झालं नाही. गटावर मी अजून आहे. लोक अजून मला मास्तर म्हणतात.

ताई आता आमच्या घरावरून जाताना थांबतात, बायकोशी बोलतात, मला ‘काय भाऊ, बरं ना?’ विचारतात. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटतं. त्या ओरडत नाहीत.

या वर्षी नवी यादी छापायची म्हणून सगळ्यांकडून फॉर्म मागवले. ते माझ्याकडंच येतात. परवा गठ्ठ्यात भेस्तानचा एक निघाला. कुटुंबप्रमुख म्हणून मुलीचं नाव. कुटुंबातली माणसं, एक. सोबत तिची चिठ्ठी होती, ‘जुन्या पानावर माझं नाव कुठं असेल तर ते काढून टाकावं, दोन ठिकाणी नको.’ आमच्या पानावरचं तिचं नाव मी माझ्या हातानं खोडलं. मग तिचं नवं पान लिहायला घेतलं.

फॉर्मवर एक रकाना वडिलांच्या नावाचा असतो. बरेचजण तो घाईत अर्धवट भरतात, काही रिकामाच ठेवतात, आणि मी कोणाला काही विचारत नाही. तिनं तो पूर्ण भरला होता. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव, कुठं खाडाखोड नाही. ते मी उतरवून घ्यायला बसलो, आणि माझं स्वतःचं नाव लिहायला मला सगळी दुपार लागली.